फिलाडेल्फियाचा बेत आणि आईची एकच अट

आईबाबांची मुंबई-नेवार्क तिकिटं निघाली त्याच रात्री बाबांनी व्हिडिओ कॉलवर डायरी उघडून यादी वाचायला घेतली. नायगरा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, आणि चौथ्या नंबरावर 'फिलाडेल्फिया - घंटा', म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची खूण मानली जाणारी लिबर्टी बेल. एवढंच. बाबा मूळचे वाईचे, त्यामुळे घंटेबद्दल त्यांचं मत ऐकण्यासारखं असतं. ते पुढे सांगते.

आई मागे ओट्याशी होती. कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग म्हणाली, "मला बाकी काही दाखवू नकोस. आनंदीबाई जिथे शिकली तेवढं दाखव."

आई माहेरची कल्याणची. आनंदीबाई जोशींचा जन्मही कल्याणचाच, १८६५ चा. माहेरची यमुना, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मूल झालं ते दहा दिवसांत गेलं, आणि मग ही मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणून सातासमुद्रापार निघाली. हे आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. पण ती 'अमेरिकेला' गेली असंच डोक्यात राहतं. अमेरिका म्हणजे कुठे, हे कोण विचारतं? मी न्यू जर्सीतल्या एडिसनला अकरा वर्षं राहते, पाहुण्यांना घेऊन चार वेळा फिलाडेल्फियाला जाऊन आले, तिथे घंटेसमोर किमान दोनशे फोटो काढले, आणि एकदाही मनात आलं नाही की ती हीच फिलाडेल्फिया. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण आईला सांगितलं नाही. म्हटलं, "बघते."

तर या वेळचा बेत मी नीट बसून आखला. इथे यायचं ठरवताय त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, कधी जायचं. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच गावात मंजूर झाला, म्हणजे २०२६ हे अडीचशेवं वर्ष. त्यात जून-जुलैत फुटबॉल वर्ल्डकपचे सामनेही तिथे. त्या दिवसांत गावात पाय ठेवायची माझी छाती नाही, म्हणून मे. हवा बरी असते आणि आईला स्वेटरवर भागतं.

दुसरी, कसं जायचं. गाडीने गेलात तर जुन्या भागात पार्किंग शोधण्यात निम्मा जीव जातो. आम्ही एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी पकडून ट्रेंटनला उतरतो, तिथून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या वाहतूक सेवेची लोकल. जेफरसन स्टेशनवर उतरलं की वर रेडिंग टर्मिनल मार्केट. मुंबईकराला गाडी बदलणं म्हणजे काय विशेष! बाबांना तर आवडेलच, खिडकी मिळाली पाहिजे फक्त.

तिसरी, तिकिटं. जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो इंडिपेंडन्स हॉल बघायला पैसे पडत नाहीत, पण ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. ऑनलाइन काढलं तर आरक्षणाचा एक डॉलर. फुकट आहे म्हणून आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत येता. सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते तेव्हा आम्ही तसेच परत आलो. घंटेला तिकीट नाही, फक्त रांग, आणि दारात विमानतळासारखी तपासणी. त्याच फेरीत सासूबाईंच्या चंचीतून अडकित्ता निघाला. पहारेकऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, उघडला, मिटला, आणि मला विचारलं की हे नक्की कशाचं हत्यार आहे? सुपारी म्हणजे काय हे मी त्याला समजावून सांगेपर्यंत मागची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी नवरा तो अडकित्ता गाडीत ठेवून आला. पार्किंग पंधरा मिनिटं लांब होतं. म्हणूनही लोकल बरी.

आता बाबांची घंटा. लिबर्टी बेल १७५१ मध्ये लंडनहून मागवली. आली, आणि चाचणीच्या पहिल्याच टोल्याला तडकली. मग गावातल्याच पास आणि स्टो या दोघांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आवाज कुणाला पसंत पडेना, म्हणून आणखी एकदा ओतली. आज दिसते ती भलीमोठी चीर त्यानंतरची, १८४६ च्या सुमाराची. वजन २,०८० पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोच्या जरा आत. आता न वाजणाऱ्या या घंटेसाठी लोक तासभर रांगेत उभे राहतात.

फोनवर हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "आमच्या मेणवलीची घंटा बघ." मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर, नाना फडणवीसांचा वाडा आहे ते गाव. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. त्यातली एक मेणवलीच्या घाटावर आहे. म्हणजे फिलाडेल्फियाकर लंडनला ऑर्डर देत होते त्याच्या बारा वर्षं आधी ती वाईच्या वाटेला लागली होती. शिवाय धड आहे. "आणि तपासणी नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांना आणखी एक गंमत सांगितली. इंडिपेंडन्स हॉलचं बांधकाम सुरू झालं १७३२ मध्ये, आणि शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली तीही १७३२ मध्येच. बाबा क्षणभर गप्प झाले. "पण त्यांचा उभा आहे," म्हणाले. मग त्यांनी विषय बदलला.

हॉलमध्ये बघायची खोली खरं तर एकच. हिरवी कापडं घातलेली टेबलं, आणि समोर अध्यक्षांची खुर्ची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. जाहीरनामा याच खोलीतला आणि १७८७ ची राज्यघटनाही. पार्क रेंजर ठसठशीत आवाजात गोष्ट सांगतो. वीसेक मिनिटांत बाहेर. लोकांना वाटतं, इतकंच? मला मात्र ती खोली लहान आहे हेच आवडतं. सगळे एकमेकांना ऐकू जातील एवढीच आहे.

बाहेर आल्यावर सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मी पाहुण्यांना मुद्दाम थांबवते. फिलाडेल्फिया राजधानी होती तेव्हा राष्ट्राध्यक्षांचं घर इथे होतं. वॉशिंग्टन इथे राहिले. त्या घरात त्यांनी नऊ गुलाम आणून ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकायचा, म्हणून त्यांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणायचे. त्यातली ओना जज ही तरुण मुलगी १७९६ च्या मे महिन्यात, घरात जेवणं चालली असताना निघून गेली, आणि शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागली नाही. ही जागा घंटेच्या अगदी दाराशी आहे. घंटेवर काय कोरलंय? साऱ्या भूमीवर, तिच्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा. लोक रांगेत उभे राहून फोनमध्ये बघत असतात.

पत्ता शोधायला या गावाइतकं सोपं गाव नाही. विल्यम पेनने १६८२ मध्येच चौकटी आखून दिल्या. उभे रस्ते आकड्यांचे, आडवे झाडांचे: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. पुण्यात पत्ता विचारला की 'मारुतीसमोरून आत' असं असतं. इथे 'सहावा आणि चेस्टनट' म्हटलं की संपलं. हा पेन अजूनही सिटी हॉलच्या टोकावर पुतळा होऊन उभा आहे, आणि त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा गावात अलिखित करार होता. १९८७ मध्ये तो मोडला. त्यानंतर वीस वर्षं गावाचा एकही मोठा संघ जिंकेना. शेवटी २००७ मध्ये सर्वांत उंच नव्या इमारतीच्या शेवटच्या तुळईवर पेनची छोटी मूर्ती बसवली, आणि पुढच्याच वर्षी बेसबॉलचा संघ जिंकला! आपण लिंबू-मिरची बांधतो म्हणून हसणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

खाण्याचं थोडक्यात. इथला प्रसिद्ध चीजस्टेक गाईच्या मांसाचा, तेव्हा आमच्या घरात तो विषय नाही. रेडिंग टर्मिनल मार्केट १८९३ चं, जुन्या रेल्वे शेडच्या खालचं; आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या स्टॉलवरचे गरम प्रेट्झेल आणि डोनट आईला चालतील. रविवारी मात्र हे स्टॉल बंद. आणि उन्हं असली तर 'वॉटर आइस'. इथली माणसं त्याला 'वुडर आइस' म्हणतात. बर्फाचा गोळा काडीऐवजी कपात दिला तर जे होईल ते.

एल्फ्रेथ्स ॲली ही जुनी गल्ली पाहून घ्या. बत्तीस घरं, अजून माणसं राहतात, खिडकीतून आत डोकावू नये. आर्ट म्युझियमच्या पायऱ्या बहात्तर. 'रॉकी' या बॉक्सरवरच्या सिनेमामुळे सगळे धावत चढतात. आईचे गुडघे बघता आम्ही खालूनच नमस्कार करणार. आत मदुराईच्या देवळाचा दगडी खांबांचा मंडप आणून उभारलाय, हे पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

हे सगळं दीड तासात आखून झालं. मग आईची अट उघडली आणि त्यात तीन रात्री गेल्या.

वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०. आनंदीबाई शिकल्या तेव्हा ते गावाच्या उत्तर भागात, नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर होतं. १९३० मध्ये कॉलेज तिथून हललं. १९७० मध्ये मुलांनाही प्रवेश सुरू झाला, नाव बदललं, मग एका संस्थेत विलीन, मग दुसऱ्या. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात विरघळलंय. आनंदीबाईंचं प्रवेशासाठीचं पत्र आणि १८८५ चा तो फोटो त्यांच्या संग्रहात जपून ठेवलाय. तोच फोटो: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबूली. संग्रह बघायचा तर आधी कळवून वेळ ठरवावी लागते. मी मेल पाठवलाय.

पण आईला कॉलेज दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली; पंडिता रमाबाई त्यासाठी इंग्लंडहून आल्या. वर्षही झालं नाही तोवर, २६ फेब्रुवारी १८८७ ला, ती पुण्यात क्षयाने गेली. बावीसही पूर्ण नव्हती. फिलाडेल्फियात नकाशावर बोट ठेवावं असं काही मला सापडेना. तो रस्ता आहे. त्या रस्त्यावर जाऊन उभं राहता येईल.

आणि मग वाचता वाचता रोझेल आलं. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव यांचं, बायकोच्या शिक्षणाबद्दलचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. ते न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यांनी उलट पत्र लिहिलं. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला बोटीतून उतरली ती यांच्याच घरी गेली. त्यांना ती मावशी म्हणायची. रोझेल आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. अकरा वर्षांत मी तिथून किती वेळा गेले असेन! पाटी वाचलीय, सिग्नलला थांबलेय.

मावशींनी शेवटपर्यंत नातं ठेवलं. आनंदीबाईच्या अस्थी पुण्याहून त्यांच्याकडे पाठवल्या गेल्या, आणि त्यांनी त्या आपल्या घरच्या माणसांत, पकिप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या. हे न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी, आमच्याकडून दोनेक तासांवर. तिथे दगड आहे. नाव कोरलेलं आहे, पुढे एम. डी.

म्हणजे आता बेत असा: एक दिवस फिलाडेल्फिया, बाबांची घंटा, हॉल, जमलं तर संग्रह आणि नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू. दुसऱ्या दिवशी गाडी काढून आधी रोझेल, मग पकिप्सी. नायगऱ्याचा एक दिवस त्यातून कापला. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

काल आईला फोन करून हे सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाली, "कल्याणची थोडी माती आणू का गं?"

म्हटलं, आई, माती नाही चालत, विमानतळावर काढून घेतात.

"मग खण आणते," ती म्हणाली. "कापडाला कोण काय म्हणणार? आणि तुझ्या बाबांच्या बॅगेत मी स्वतः बघते, अडकित्ता नको."