पाहुण्यांची खाचरे

तैपेई, रविवार, रात्री साडेदहा.

आज एका सहकाऱ्याबरोबर येथील हक्का सांस्कृतिक उद्यान पाहून आलो. निघताना माझ्या डोक्यात हातगाडीवरच्या हक्का नूडल्सच होत्या, हे कबूल केलेले बरे. आपल्याकडे ते नाव रुजले कोलकात्याच्या हक्का चिनी कुटुंबांमुळे, आणि त्यातली पुष्कळशी टांगरा भागात चामडे कमावण्याच्या धंद्यात होती. आज मात्र जेवायला तांदळाच्या रुंद, चपट्या शेवया मिळाल्या, आणि आपल्या तिखट सॉसातल्या नूडल्सशी त्यांचे काही नाते जुळेना.

या जागी पूर्वी मुलांना रहदारीचे नियम शिकवणारे उद्यान होते. २०११ साली खुल्या झालेल्या आजच्या उद्यानात भर शहरात भाताची खाचरे, चहाचा मळा आणि पाण्याचे लाकडी चाक आहे. खाचरांचे बांध इतके रेखीव, की त्यांच्यावरून कधी कोणी डोक्यावर पेंढ्या घेऊन गेले असेल असे वाटेना. तरीही कोकणातल्या माणसाचे पाय तेथे रेंगाळायचेच.

‘हक्का’ म्हणजे पाहुणी कुटुंबे. उत्तर चीनमधून टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकलेल्या या लोकांना उशिरा पोहोचल्यामुळे बहुधा डोंगराळ जमीनच मिळाली, आणि पुढे त्यांच्यातील अनेक जण समुद्र ओलांडून तैवानला आले. एवढ्या कष्टाने जमीन कसणाऱ्यांमध्ये एक म्हण आहे, तिचा आशय असा: पूर्वजांचे शेत विकावे लागले तरी चालेल, पण पूर्वजांची बोली विसरू नये. वीतभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आमच्या भाऊबंदांना हे कोणी सांगून पाहावे!

तैवानमध्ये लष्करी कायद्याच्या काळात शाळेत मातृभाषेत बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. २८ डिसेंबर १९८८ रोजी हजारो हक्का लोक आपली भाषा परत मागण्यासाठी तैपेईच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांच्या प्रतिमेच्या तोंडावर मुसके बांधले होते. २००३ मध्ये हक्का वाहिनी सुरू झाली. सहकाऱ्याची आजी हक्का होती, पण त्याला स्वतःला आकडे आणि चार-दोन शिव्या एवढेच येते. हे सांगताना तो हसला, मी मात्र हसू शकलो नाही, कारण माझी पुतणी ठाण्यात आजीला हिंदीत उत्तरे देते.

परतताना मेट्रोत पुढच्या स्थानकाचे नाव एकामागून एक भाषांत पुकारले जात होते. हक्काची पाळी आली तेव्हा सहकाऱ्याने खिडकीबाहेर पाहत ते नाव ओठांतल्या ओठांत म्हटले.