एक गिटार, एक गळा

'वन मॅन शो' या शब्दांना मराठीत 'एकपात्री प्रयोग' असा नेमका पर्याय आहे, आणि गिटारवादक-गायक लिंडसी बकिंगहॅमच्या त्याच नावाच्या अल्बमविषयी लिहायला बसल्यावर मला प्रथम आठवते ते दादरचे शिवाजी मंदिर. लहानपणी वडिलांबरोबर तिथे लक्ष्मण देशपांडे यांचा प्रयोग पाहिला होता. एकच माणूस रंगमंचावर बावन्न पात्रे उभी करत होता आणि घरी परतताना मला त्या सगळ्यांचे चेहरे वेगवेगळे आठवत होते. बकिंगहॅमचा हा अल्बम ऐकताना मला नेमका तोच अनुभव येतो, फक्त इथे पात्रांच्या जागी वाद्ये आहेत.

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात झालेल्या एका कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण त्याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, कोणत्याही मोठ्या कंपनीकडे न जाता, स्वतःच डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध केले. कार्यक्रमाच्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. फ्लीटवूड मॅकसारख्या प्रसिद्ध रॉक बँडबरोबर मोठमोठी मैदाने गाजवलेला हा गिटारवादक इथे एकट्याने, गिटार घेऊन, गातो आणि वाजवतो.

फ्लीटवूड मॅक हे नाव मुळात बँडमधल्या गायकाचे किंवा गिटारवादकाचे नाही. ते ड्रमवादक मिक फ्लीटवूड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही या दोघांच्या आडनावांवरून आले आहे. १९७४ च्या अखेरीस बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स या बँडमध्ये आले, तेव्हा हा ताल आधीपासून पक्का होता आणि पुढची सगळी गाणी त्याच पायावर उभी राहिली. एकट्याने मंचावर जायचे म्हणजे ज्या दोघांच्या नावाने बँड ओळखला जातो, नेमके त्यांनाच वजा करायचे. ती रिकामी जागा बकिंगहॅम आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याने भरून काढतो.

तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वापरत नाही. इलेक्ट्रिक गिटारवरसुद्धा तो बोटांनीच वाजवतो. त्याने संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, त्याला स्वरलिपी वाचता येत नाही, आणि लहान वयात लोकसंगीत आणि बँजो ऐकून, वाजवून त्याचा हात तयार झाला. या पद्धतीत अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर आलटून पालटून ठोका देत राहतो, आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका ही बोटे बारीक तारांवर चाल वाजवतात. अंगठ्याने आपला ठोका एखाद्या तबलजीसारखा सांभाळायचा असतो आणि बोटांनी त्याच्याकडे न पाहता, मधल्या फटीत, आडवळणाने यायचे असते. यावर पुन्हा गळ्याने तिसरीच लय धरायची. हे लिहून सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र बोटे अंगठ्याच्या मागे जाऊ लागतात आणि सगळा डोलारा कोसळतो. धोबीतलावला मी ज्या गोव्याच्या सरांकडे गिटार शिकलो, ते म्हणत की अंगठ्याला आधी एकट्याने महिनाभर चालायला शिकवावे, मगच बोटांना बाहेर काढावे.

ज्या काळात मी शिकत होतो, त्या काळात आम्हा मुलांना हे पटण्यासारखे नव्हते. १९८६ साली मुंबईच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि पुढे अनेक पावसाळे आमच्यासाठी गिटार म्हणजे अँप्लिफायरच्या भिंतीतून छातीवर आदळणारा आवाज होता. त्या खुल्या नाट्यगृहात भिजत उभे राहून आम्ही वादकाची योग्यता त्याच्या वेगावरून ठरवत असू. शेजारी रुग्णालये असल्यामुळे तो परिसर पुढे शांतता क्षेत्र ठरला आणि तिथला रॉक थांबला. रुग्णांच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण त्या जागेवरून जाताना आजही मन हळवे होते. आवाज हीच रॉकची ताकद आहे, ही त्या दिवसांतली माझी समजूत ज्या अल्बमने मोडली, तो हा आहे.

'बिग लव्ह' हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. फ्लीटवूड मॅकच्या १९८७ च्या 'टँगो इन द नाइट' या अल्बममध्ये ते प्रथम आले. त्याची कॅसेट मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, दोन आठवड्यांचा खाऊचा पैसा साठवून घेतली होती. त्या गाण्यात यंत्रांचा ठेका आहे, थरावर थर चढवलेले सूर आहेत, आणि स्त्री व पुरुष यांच्या हुंकारांची जी देवाणघेवाण ऐकू येते, तीसुद्धा बकिंगहॅमच्याच आवाजावर स्टुडिओत प्रक्रिया करून बनवलेली आहे. म्हणजे तेव्हाही तो एकटाच होता, पण ते एकटेपण यंत्रांच्या आड लपलेले होते. त्याच वर्षी त्याने बँड सोडला. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा त्याने हेच गाणे केवळ एका गिटारवर सादर केले, आणि तेव्हापासून ते त्याच्या कार्यक्रमांचा कणा झाले. डे मॉइनच्या मुद्रणात ते ऐकताना अंगठा इतक्या जोराने चालतो की मागे ड्रम आहे असा भास होतो. मोठ्या घरात एकट्या पडलेल्या माणसाचे हे गाणे सदतीस वर्षांच्या गळ्यातून हव्यासाचे वाटत असे. बासष्टाव्या वर्षी तोच माणूस तेच शब्द उच्चारतो तेव्हा ते घर त्याने स्वतः राहून, सोडून, मागे वळून पाहिलेले आहे असे वाटते, आणि शेवटच्या आरोळीने अंगावर काटा येतो.

'गो इन्सेन'चेही असेच झाले आहे. १९८४ मधला त्याचा झगमगीत, यंत्रबद्ध अवतार मला कधीच फारसा भिडला नाही. इथे तेच गाणे संथ झाले आहे, स्वरांमध्ये मोकळी जागा आली आहे, आणि ते एका नात्याच्या अखेरीचे गाणे आहे हे मला इतक्या वर्षांनी कळले.

'नेव्हर गोइंग बॅक अगेन' मात्र मुळातच जवळजवळ एका गिटारचे गाणे आहे. बँडच्या १९७७ च्या 'रूमर्स' या अल्बमसाठी ते मुद्रित करताना तारांची झळाळी टिकावी म्हणून दर वीस मिनिटांनी गिटारच्या सगळ्या तारा बदलल्या जात, आणि दिवसभराच्या त्या खटाटोपानंतर गायला सुरुवात केल्यावर पट्टी चुकल्याचे लक्षात आले, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा करावे लागले, असे त्या अल्बमचे सहनिर्माते केन कॅलेट यांनी सांगितले आहे. स्टुडिओत तितकी चिकाटी शक्य असते. मैफिलीत तारा एकदाच लावायच्या असतात आणि जो सूर निघेल तो सर्वांसमोर निघतो. डे मॉइनमध्ये तो हे गाणे मूळ लयीपेक्षा सावकाश घेतो, शब्दांपूर्वी थांबतो, काही ओळी जवळजवळ कुजबुजतो आणि मग एकदम तारांवर हात टाकतो. मूळ मुद्रणातली झळाळी इथे नाही, पण मला हे अधिक आवडते, कारण मूळ गाण्यात मागे फिरणार नाही असे म्हणणारा तरुण खात्रीने बोलत होता आणि हा माणूस तेच वाक्य विचार करून बोलतो.

या पावसाळ्यात मी ते गाणे बसवायला घेतले आहे. सहावी तार एक सूर खाली उतरवून, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून, रात्री खिडकी बंद करून रोज अर्धा तास फक्त अंगठा चालवतो. बोटे अजून बाहेर काढलेली नाहीत. सरांनी सांगितलेला महिना पुरा व्हायला नऊ दिवस आहेत.