शीर दिसली आणि टाक्याची जागा बदलली

‘अंग बाहेर येतं’ म्हणून आलेल्या बाईंच्या कागदांवर ‘पिशवी काढून टाकावी’ असा सल्ला आधीच लिहिलेला होता. वय चाळिशीच्या पुढचं, पाळी नियमित, सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची पॅप तपासणी ठीक. त्यांचं म्हणणं एकच: “डॉक्टर, जागेवर बसवता येत असेल तर बसवा, काढू नका.” मागणी रास्तच होती. गर्भाशय खाली येतं ते त्याला धरून ठेवणारे बंध सैल पडतात म्हणून. पिशवी काढली तरी बंध सैलच राहतात, आणि योनीचं टोक वर बांधलं नाही तर पुढे तेच उतरतं.

अंग किती उतरलंय ते सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या पीओपी-क्यू पद्धतीने मोजमाप घेतलं. योनिपटलाची पातळी शून्य, बाहेर अधिक, आत उणे. जोर करायला लावल्यावर गर्भाशयमुखाचा सी बिंदू अधिक 2, मागच्या कोनाड्यातला डी बिंदू उणे 2, म्हणजे तिसरी पायरी. सी आणि डी यांच्यात 4 सेंमीचंच अंतर, म्हणजे गर्भाशयमुख लांबलेलं नव्हतं. हा फरक 8-10 सेंमी असता, तर नुसतं वर बांधून उपयोग झाला नसता. लांबलेला भाग कापावा लागला असता. योनीची पुढची भिंतही बाहेर येत होती, पण रिंग फोर्सेप्सने गर्भाशयमुख वर धरून जोर करायला सांगितलं तेव्हा ती आपोआप सावरली. त्याच स्थितीत, मूत्राशय भरलेलं असताना, खोकायला लावलं. लघवी गळली नाही. ही तपासणी राहून गेली की ऑपरेशननंतर ‘आता लघवी गळते’ ही नवी तक्रार येऊ शकते, कारण उतरलेल्या भागामुळे मुडपलेली, लघवी बाहेर नेणारी मूत्रनलिका सरळ होते.

दुर्बिणीचे पर्याय समोर ठेवले. सॅक्रोहिस्टेरोपेक्सीत कृत्रिम जाळीचं एक टोक गर्भाशयमुखाला आणि दुसरं त्रिकास्थीच्या (कंबरेच्या मणक्यांखालच्या हाडाच्या) वरच्या कडेवरच्या अस्थिबंधाला शिवतात. ओढ नैसर्गिक दिशेने, वर आणि मागे. अनुभवही बराच. डॉ. शिरोडकरांच्या स्लिंगचा, म्हणजे गर्भाशय टांगून धरणाऱ्या पट्टीचा, आधार तोच. डॉ. पुरंदरेंची पट्टी मात्र पोटाच्या पुढच्या आवरणाला बांधली जाते. त्यात गर्भाशय पुढे ओढलं जातं आणि मागची पोकळी उघडी पडून तिथे आतडं उतरू शकतं. पेक्टोपेक्सीत जाळी ओटीपोटाच्या हाडाच्या कडेवरच्या, दोन्ही बाजूंच्या इलिओपेक्टिनियल अस्थिबंधांना शिवतात. लॅटरल सस्पेन्शनमध्ये टी आकाराच्या जाळीचे हात पोटाच्या बाजूच्या भिंतीतून नेतात. पुढच्या भिंतीला ते छान उचलतं, मागच्या भिंतीला फारसं नाही, आणि मूत्राशयाच्या मागे जाळी पसरावी लागते. इथे पुढची भिंत आपोआप सावरत होती, तेव्हा तिथे जाळी घालण्यात मला अर्थ दिसेना. जाळी नकोच असेल तर गर्भाशयाला मागे त्रिकास्थीकडे धरणारे युटेरोसॅक्रल बंध शिवून आखूड करता येतात, पण मुळात सैल झालेल्या ऊतीवर किती भिस्त ठेवायची? शिवाय मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी तिथून अगदी जवळून जाते. टाका न लागताही ती मुडपते, म्हणून शेवटी सिस्टोस्कोपी करून, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून, दोन्ही बाजूंनी लघवी उडताना पाहावीच लागते.

बाईंच्या मुलीने जाळीवरच्या बंदीचं वाचलं होतं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवायला लावली ती अंग उतरण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची. पोटातून बसवायची जाळी त्यात नव्हती, हे समजावलं. संमतिपत्रात सॅक्रोहिस्टेरोपेक्सी लिहिली आणि खाली ‘आत ती असुरक्षित वाटल्यास पेक्टोपेक्सी’ हेही लिहून घेतलं. त्या ओळीने पुढे काम सोपं केलं.

बेंबीतून 10 मिमीचा ट्रोकार (दुर्बीण आत नेणारी नळी), बाकी 5 मिमीचे तीन. पोट फुगवणाऱ्या गॅसचा दाब 12, टेबल जवळपास 30 अंश डोक्याकडे उतरतं. सिग्मॉइड आतडं डावीकडे ओढून धरल्यावर त्रिकास्थीची कडा दिसली. सर्वांत पुढे आलेला फुगवटा म्हणजे हाड नव्हे, ती बहुधा कंबरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली एल5-एस1 ची चकती असते. उपकरणाने दाबलं तर ती किंचित दबते, हाड दबत नाही. टाका तिच्या खाली, त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्यावर (एस1) हवा, आणि उथळ हवा. अस्थिबंध जेमतेम 1-2 मिमी जाड. सुई चकतीत गेली तर काही आठवड्यांनी कंबरदुखी आणि तापाने डिस्कायटिस (चकतीचा दाह) समोर येतो.

पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं पातळ आवरण, उघडल्यावर जागा मोकळी वाटत होती. तरी सुई घेण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगून दाब 6 वर आणला आणि टेबल थोडं सरळ केलं. गॅसचा दाब आणि उतार यांनी शिरा चपट्या होतात आणि चरबीखाली दिसेनाशा होतात. अर्ध्या मिनिटात डावीकडून एक निळसर पट्टा भरत आला: डावी कॉमन इलिॲक शीर. ती एरवी वरून, तिरकी एल5 वरून जाते. इथे ती थेट कडेवर उतरली होती, आणि टाक्यासाठी निवडलेली जागा तिच्या काठावर येत होती. उजवीकडे सरकावं तर मूत्रवाहिनी. ही शीर फाटली तर दुर्बिणीतून आवरणं कठीण. पोट उघडावं लागतं. पेरिटोनियम शिवून टाकलं.

पेक्टोपेक्सीसाठी गर्भाशयाच्या राउंड लिगामेंट या बंधाजवळ पेरिटोनियम उघडलं. बाहेरच्या बाजूला एक्स्टर्नल इलिॲक शीर, आतल्या बाजूला बुजलेली नाभिधमनी, मधली सैल चरबी बोथट टोकाने बाजूला केली की पांढराशुभ्र, चमकदार अस्थिबंध दिसतो. त्याचा 3-4 सेंमी भाग मोकळा केला. इथलेही धोके आहेतच: हाडावरून आडवी जाणारी कोरोना मॉर्टिस ही रक्तवाहिनी आणि खोल, खालच्या अंगाला ऑब्ट्युरेटर मज्जातंतू. म्हणून सुई वरच्या काठाने, आडवी घेतली. 15 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद जाळी, दोन्ही बाजूंना न विरघळणारे दोन-दोन टाके, मधला भाग गर्भाशयमुखाच्या पुढच्या अंगाला. ताण द्यायचा नाही. सहायकाने खालून गर्भाशय हवं तेवढं वर धरायचं आणि जाळी तिथे सपाट बसवायची. शेवटी पेरिटोनियम पूर्ण शिवलं, जाळीचा कोपराही उघडा ठेवला नाही, नाहीतर आतडं चिकटतं.

दुसऱ्या दिवशी कॅथेटर काढलं. सहा आठवडे जड उचलणं आणि शरीरसंबंध बंद, बद्धकोष्ठावर सुरुवातीपासून औषध. तीन महिन्यांनी सी बिंदू उणे 6 होता. मागची भिंत जागेवर होती, पण गर्भाशय थोडं पुढे बांधलेलं असल्याने पुढच्या प्रत्येक भेटीत तीच आधी मोजायची, असं फाइलवर लिहून ठेवलं आहे.