गवताखालचे वरंबे

आयर्लंडमध्ये पूर्वजांचा माग काढायचा तर टाउनलँडचं नाव हाताशी हवं. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्याकडची वाडी. अख्ख्या बेटावर अशा साठ हजारांवर आहेत. अमेरिकेतल्या जुन्या कागदांत मात्र जन्मठिकाण म्हणून बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं. माझ्या सासूबाई बॉस्टनच्या. त्यांची पणजी १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर तिकडून आली, आडनाव सलिव्हन. आयर्लंडच्या नैऋत्येला, वेस्ट कॉर्कमध्ये, सलिव्हन शोधणं म्हणजे आपल्याकडे जाधव शोधणं.

वाडीचं नाव मिळालं ते एका जाहिरातीत. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात ‘मिसिंग फ्रेंड्स’ नावाचं सदर येई. ताटातूट झालेली माणसं आपल्या माणसांना त्यातून हाका मारत. पणजीच्या भावानं तिच्यासाठी छापलेल्या चार ओळी: वाडी, पॅरिश म्हणजे चर्चचा इलाखा, काउंटी म्हणजे जिल्हा, कोणत्या साली निघाली. सासूबाईंनी त्या मला इतक्या वेळा वाचून दाखवल्या की मलाही पाठ झाल्या.

पुढचा आधार ग्रिफिथच्या मूल्यांकनाचा. करआकारणीसाठी १८४७ ते १८६४ मध्ये झालेली ही नोंद म्हणजे जवळपास आपला सातबाराच: जमीन कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती. १९२२ साली यादवीत डब्लिनचा दफ्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या बहुतेक जनगणना गेल्या. म्हणून या नोंदींना एवढं मोल. पणजीच्या वडिलांचं नाव त्यात होतं.

आधी स्किबरीनला उतरलो. गावाबाहेर इलन नदीकाठी अ‍ॅबीस्ट्राउरीचं कब्रस्तान आहे. दुष्काळात मेलेली आठ ते दहा हजार माणसं तिथे सामुदायिक खड्ड्यांत पुरली, असं मानतात. वर फक्त हिरवळ. सासूबाई तिथे एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही.

वाडीवर घराची एक भिंत उरली होती, चुलीकडची. आत खाजकुयलीसारखं आग करणारं रान माजलेलं, बांधाला फ्युशियाची लाल फुलं. सासूबाई दगडांवरून हात फिरवत होत्या. माझं लक्ष मागच्या उतारावर गेलं. कललेल्या उन्हात गवताखालून सारख्या अंतरावर उंचवटे दिसत होते. मी मंचरकडची, बटाट्याच्या घरातली. हे सरी-वरंबे मला कुणी दाखवायची गरज नव्हती.

१८४५ मध्ये इथे बटाट्यावर पडलेला रोग म्हणजे आपण ज्याला करपा म्हणतो तोच. आमच्याही शेतात मी तो पाहिलाय: पानावर काळपट डाग, दमट हवा, चार दिवसांत सगळा पाला झोपलेला. पण आमच्या घरात बाजरी होती. इथल्या मजुराच्या घरात बटाट्याशिवाय काही नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली.

मी सासूबाईंना हाताला धरून वर नेलं आणि वरंब्यावर उभं केलं. मग माहेरी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मंचरला दिवेलागण झाली होती. अण्णांनी चष्मा लावून निरखून पाहिलं.

“रुंद आहेत गं. हातानं काढलेत, नांगराचं काम नाही हे. आणि उताराच्या दिशेनं का काढलेत माहितीये? पाणी निघून जावं म्हणून. जाणता माणूस होता.”

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणतायत ते?”

मी शेवटचं वाक्य आधी सांगितलं.