सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स: ऑर्किडच्या आधी रबराचं झाड बघा

सिंगापूरला जाणारी आपली बहुतेक मंडळी बोटॅनिक गार्डन्सला जातात ती ऑर्किडसाठी, नॅशनल ऑर्किड गार्डनचं तिकीट काढायचं, भरपूर फोटो काढायचे आणि टॅक्सी पकडून पुढच्या ठिकाणी. ऑर्किड देखणीच आहेत, त्यात वादच नाही. पण मला विचाराल तर या बागेचा खरा हिरो रबराचं झाड आहे, आणि त्याच्यासमोर कोणी दोन मिनिटं थांबतसुद्धा नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही बाग 1859 ची. सुरुवातीला हौशी लोकांच्या संस्थेने फिरायला, बँड ऐकायला म्हणून केलेली, नंतर सरकारकडे गेली. मूळ रबराचं झाड ब्राझीलचं. 1876 मध्ये हेन्री विकहॅमने तिथून सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू गार्डनला नेल्या, त्यातल्या फार थोड्या रुजल्या कारण ही बी पटकन मरते, आणि त्यातूनच 1877 मध्ये 22 रोपं सिंगापूरला आली. बी कधी हातात घेऊन बघा, चकचकीत, तपकिरी, वर ठिपके-रेघा, थेट एरंडाच्या बीची थोराड बहीण, आणि कुळही दोघींचं एकच! फळ वाळलं की फट्कन फुटतं आणि बिया लांब उडतात.

मग 1888 मध्ये हेन्री रिडली बागेचा प्रमुख म्हणून आला आणि इथून गोष्टीला खरा रंग चढतो. तोपर्यंत ज्यापासून रबर बनतं तो चीक काढायचा म्हणजे झाडावर घाव घालायचे, त्यात झाडाचं नुकसान व्हायचं. रिडलीने प्रयोग करून करून असं बसवलं की खोडावर तिरपी खाच घ्यायची, दर वेळी त्याच खाचेच्या कडेने सालीचा अगदी पातळ पापुद्रा काढायचा, आतल्या गाभ्याला धक्का लावायचा नाही, आणि हे काम पहाटे गारव्यात करायचं कारण तेव्हा चीक जास्त वाहतो. साल पुन्हा भरून येते आणि झाड वर्षानुवर्षं चीक देत राहतं. पण मळेवाले सगळे कॉफीच्या मागे, रबर लावणार कोण? हा माणूस खिशात बिया घेऊन फिरायचा आणि भेटेल त्याला लावायचा आग्रह करायचा, म्हणून लोक त्याला 'मॅड रिडली' म्हणायचे. 1896 मध्ये मलाक्क्याच्या (आता मलेशियात) टॅन चे यानने रबराची व्यापारी लागवड केली, पुढे मोटारी आल्या, टायर आले, आणि 1920 पर्यंत जगातलं निम्मं रबर एकट्या मलायातून, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातून, यायला लागलं. बागेत बसून कोणी अख्ख्या प्रदेशाचं अर्थकारण बदलू शकतं यावर माझा तरी हे वाचेपर्यंत विश्वास बसला नसता. रिडली स्वतः शंभर वर्षं जगला, 1956 मध्ये गेला.

ऑर्किडचाही इतिहास आहेच. 1928 पासून इथे बाटलीत बी रुजवून संकर करायला सुरुवात झाली. ऑर्किडची बी धुळीसारखी असते, तिच्यात साठवलेलं अन्नच नसतं, निसर्गात एका बुरशीच्या मदतीशिवाय ती रुजत नाही, ते काम बाटलीतल्या पोषक द्रव्यांनी केलं. आता परदेशी पाहुण्यांची नावं ऑर्किडला देतात, आपल्या नरेंद्र मोदींच्या नावाचंही एक डेंड्रोबियम ऑर्किड झालं.

2015 मध्ये बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, उष्णकटिबंधातलं असं पहिलं वनस्पती उद्यान म्हणून.

अजून दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे टेम्बुसूचं झाड, बागेपेक्षाही जुनं, एक जाडजूड फांदी जमिनीला समांतर लांबवर गेलेली, सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर हेच झाड आहे. दुसरं, प्लँट हाऊसजवळच्या पायऱ्या. जपानी ताब्याच्या काळात ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांनी बनवलेल्या विटा तिथे आहेत आणि काहींवर त्यांनी कोरलेले बाण अजून दिसतात, वाकून नीट बघावं लागतं, नाहीतर लोक बिनधास्त वरून चालत जातात.

मुख्य बागेला तिकीट नाही, पहाटे 5 ते रात्री 12 उघडी असते. सकाळी लवकर जा, आधी रबर, मग सहा हेक्टरचं जुनं वर्षावन जे बाग व्हायच्या आधीपासून तिथे आहे, आणि ऑर्किड गार्डन उन्हं चढल्यावर करा, तिथे थंड हवेचं कूल हाऊस आहे.