कानाने लागलेला नाद

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. सारी नोकरी ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत काढलेल्या आणि मालिका म्हटले की नाक मुरडणाऱ्या बाईला साठी उलटल्यावर ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा नाद लागलाच कसा, हे भिशीतल्या मैत्रिणींपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी मला विचारून झाले आहे. ‘नातवामुळे’ असे उत्तर मी अनेक वर्षे देत आले, कारण ते सोपे आहे आणि आजीला शोभतेही. पण ते अर्धेच खरे आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे कार्डिफला होते. शनिवारी संध्याकाळी आठ वर्षांचा नातू सोफ्यामागे अर्धा लपून ही मालिका पाही (तिकडे पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती तशीच पाहिली आहे म्हणतात) आणि मी दूरचित्रवाणीकडे पाठ करून मटार सोलत बसे. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-पेटीच्या रूपातले ‘टार्डिस’ हे मालिकेच्या नायकाचे, म्हणजे डॉक्टरचे कालयान निघते, तेव्हा धाप लागल्यासारखा चढता-उतरता, खरखरीत आवाज येतो. तो ऐकून माझा हात शेंगेतच थांबला. “जाड तारेवर काहीतरी लोखंडी घासलंय, आणि वर प्रतिध्वनी चढवलाय,” मी म्हणाले. जावयांनी लगेच संगणकावर शोधले. रेडिओफोनिक वर्कशॉप या बीबीसीच्या ध्वनिपरिणाम बनवणाऱ्या विभागातल्या ब्रायन हॉजसन यांनी १९६३ मध्ये एका मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून घराची किल्ली ओढून तो आवाज तयार केला होता. त्या क्षणी मी खुर्ची फिरवली.

पुढचे काही दिवस मी मालिका पाहण्यापेक्षा तिच्याविषयी वाचण्यातच घालवले. तिचे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिले, पण ते प्रत्यक्षात आणले डेलिया डर्बीशायर या बाईंनी, आणि तेही सिंथेसायझर बाजारात येण्यापूर्वी. छेडलेल्या एका तारेचा आवाज आणि यंत्रांच्या चाचणीसाठी ठेवलेल्या ऑसिलेटरचे सूर त्यांनी फितीवर घेतले, एकेक सूर हवा तेवढा मोजून कापला आणि तुकडे जोडून चाल उभी केली. ज्याने हे काम केलेले नाही त्याला यातले कष्ट कळायचे नाहीत. आमच्याकडे फीत सेकंदाला साडेसात इंच धावे. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर पावणेचार इंचांचा. पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत फीत बसवायची, ब्लेड तिरके चालवायचे आणि सांध्यावर चिकटपट्टी दाबून नखाने घासायची. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर त्या ब्लेडची रेघ अजून आहे. डर्बीशायरबाईंच्या कामात एक सूर कुठेतरी चुकत होता आणि काही केल्या सापडेना, तेव्हा त्यांनी व त्यांचे साहाय्यक डिक मिल्स यांनी एकत्र वाजवायच्या तिन्ही फिती बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी-शेजारी उलगडल्या आणि कोणता सांधा इतरांशी जुळत नाही ते डोळ्यांनी पाहून चूक पकडली. हा प्रसंग वाचून मला एकटीलाच हसू येत राहिले. या बाईंचे नाव श्रेयनामावलीत आले ते थेट २०१३ च्या पन्नाशीच्या विशेष भागात. त्या २००१ मध्येच वारल्या होत्या.

कथेविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून भटकणारा प्रवासी आहे. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणारे पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईनाशी झाली, तेव्हा डॉक्टरचा कथेतच कायापालट झाल्याचे दाखवून पॅट्रिक ट्राउटन यांना उभे केले गेले. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असे छापतात आणि जुने प्रेक्षक हळहळतात. इथे संच बदलणे हाच कथेचा कणा होऊन बसला.

पण मी खरी अडकले ती हरवलेल्या भागांमुळे. चित्रफिती महाग होत्या आणि जुने कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील असे बीबीसीला वाटत नव्हते, म्हणून साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसले गेले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरात नऊ भाग सापडल्याची बातमी आली, तरी नव्वदहून अधिक भागांचे चित्र तेव्हाही बेपत्ताच राहिले. ध्वनी मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण त्या काळी काही चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर मालिका टिपून ठेवली होती.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी जिथे काम करत होते तिथेही फितींची टंचाई असे. पुसायच्या फितींची यादी येई आणि त्या चुंबकावरून फिरवण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा एका म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या मी अशाच पुसल्या. यादीत फक्त क्रमांक होता. डबीतली चिठ्ठी मी नंतर वाचली. त्या ओव्या घरी टिपून ठेवणारे कोणीही नव्हते.

म्हणून माझी आवडती कथा ‘मार्को पोलो’ ही आहे. १९६४ मधल्या तिच्या सात भागांपैकी एकाचेही चित्र उरलेले नाही. त्यातल्या सहा भागांचे दिग्दर्शन केले होते लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. मालिकेची अगदी पहिली कथाही त्यांचीच, आणि तेव्हा ते २४ वर्षांचे होते. मी दिवा मालवून, हेडफोन लावून ते सातही भाग ऐकते. कुबलाई खानाकडे निघालेल्या त्या तांड्यातले प्रत्येक पाऊल आता मला ठाऊक झाले आहे.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारता. नातू म्हणतो, २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तिथून. मी म्हणते, ‘मार्को पोलो’पासून. गेल्या दिवाळीत पुण्याला आला होता, तेव्हा माझ्या आग्रहाखातर तो हेडफोन लावून बसला आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर झोपी गेला.