बाबांसाठी राईस कुकर घेतला त्याचा अनुभव

बाबा कुडाळला एकटे असतात, वय ७८. आई गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात आणि चांगला करतात. पण मागच्या काही वर्षांत ऐकू कमी यायला लागलंय. मशीन आहे, पण घरात असले की काढून डबीत ठेवतात, मशीन लावलं की पंख्याचा नि भांड्यांचाच आवाज डोक्यात जातो म्हणे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे बेल, पाखरं आणि हो, कुकरची शिट्टी. आणि बाबा तर शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारे. एकदा कुकर लावून ते मागच्या दारी माडांना पाणी लावत राहिले, शिट्ट्या होऊन गेल्या, पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, आणि जळका वास आला म्हणून शेजारच्या काकू धावत आल्या. कोणाला काही झालं नाही. पण मला इथे ठाण्यात झोप लागेना.

तेव्हाच ठरवलं की यंदा वाढदिवसाला शर्ट-धोतर काही नको, भाताचा विजेचा कुकर द्यायचा. आमच्याकडे मराठी घरांत प्रेशर कुकर असताना राईस कुकर कशाला असंच सगळे म्हणतात, दादाही तेच म्हणाला, त्यापेक्षा इंडक्शन घेऊन दे टायमर लावता येतो. मी इंडक्शनचा विचार केला खरा, पण त्याला टच पॅनल असतं आणि बाबांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालीय की मोबाईललाही कधी कधी टच लागत नाही. शिवाय टायमर लावायचा हेच लक्षात ठेवावं लागतं. मला असं काहीतरी हवं होतं जे लक्षात ठेवायची गरजच नाही, भात झाला की आपलं आपण थांबेल.

मग तो थांबतो कसा हे नीट समजून घेतलं, कारण त्याशिवाय कुठला घ्यायचा ते कळत नव्हतं. साध्या राईस कुकरमध्ये खालच्या तापणाऱ्या प्लेटच्या मधोमध एक गोल स्प्रिंगवालं बटणासारखं असतं, ते भांड्याच्या बुडाला टेकतं. त्यात एक चुंबक आणि एक खास धातूचा तुकडा असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही, तांदळाने पाणी शोषलं आणि उरलेलं वाफेने गेलं की बूड १०० च्या थोडं वर तापतं, तेवढ्या तापमानाला त्या तुकड्याला चुंबक चिकटून राहत नाही, स्प्रिंग समोरचा खटका (भात लावताना आपण खाली दाबतो तो) वर ढकलते आणि शिजवणं बंद, कुकर 'वॉर्म'वर, म्हणजे भात नुसता गरम ठेवतो. बस. यात घड्याळ नाही, प्रोग्राम नाही, कोणी काही ऐकायची गरज नाही. पहिला असा आपोआप बंद होणारा कुकर जपानमध्ये तोशिबाने १९५५ मध्ये विकायला आणला, तेव्हा आतली रचना वेगळी होती पण तत्त्व तेच, पाणी संपलं की तापमान वर जातं.

आणि या रचनेमुळेच माझा निर्णय झाला. पावसात कुडाळला लाईट कधी जाईल सांगता येत नाही. साध्या खटकेवाल्या कुकरमध्ये लाईट गेली तरी खटका खालीच राहतो कारण चुंबकाला वीज लागतच नाही, लाईट आली की कुकर जिथे होता तिथून परत शिजवायला लागतो. डिजिटल कुकरमध्ये हे त्या त्या मॉडेलवर असतं, काहींत लाईट जास्त वेळ गेली तर परत बटण दाबावं लागतं. दुकानात हे विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. तो माणूस मला डिजिटलच दाखवत होता, दहा मेनू, केक पण होतो मॅडम, सूप पण होतं. मी म्हटलं माझ्या बाबांना केक नकोय हो, उकड्या तांदळाचा भात हवाय. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरही पाहिला, त्यात तूरडाळ पण होते हा मोठा फायदा, पण बटणं इंग्रजीत, किंमत कितीतरी जास्त, आणि झाकण फिरवून लॉक करायचं. ते नको वाटलं.

साईजचा घोळ मात्र वेगळाच आहे आणि यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बाजारात ०.६, १, १.८, २.२ लिटर असे आकडे दिसतात. पण लिटर म्हणजे कशाचे लिटर? काही कंपन्या त्यात मावणाऱ्या कच्च्या तांदळाचं माप लिहितात आणि काही भांड्याची पूर्ण क्षमता, त्यामुळे एकाचा १ लिटर दुसऱ्याच्या १ लिटरच्या निम्मासुद्धा असू शकतो. सोबत जो प्लास्टिकचा कप येतो तो १८० मिलीचा, म्हणजे जपानमधलं तांदूळ मोजायचं जुनं माप, एका कपात साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ बसतो. असे दहा कप म्हणजे १.८ लिटर, तो आकडा तिथून आलाय. तेव्हा लिटर विचारूच नका, 'कच्चा तांदूळ जास्तीत जास्त किती कप' हे विचारा, बॉक्सवर किंवा आतल्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

एकट्या माणसाला ०.६ पुरेल असं सगळे सांगतात. सुरय, म्हणजे न उकडलेला साधा तांदूळ असेल तर पुरतोही. पण उकड्याला पाणी भरपूर लागतं आणि उकळताना फेस वर येतो, लहान भांड्यात तो झाकणातून उतू जाऊन ओट्यावर पसरतो, खाली वायरपर्यंत जातो. उलट मोठा १.८ चा घेऊन त्यात एकच कप तांदूळ टाकला तर पातळ थर बसतो, बुडाला करपट पापुद्रा धरतो. म्हणून मधला, १ लिटरचा, तोही ज्यात १ लिटर म्हणजे कच्च्या तांदळाचं माप आहे असा. पॅनासॉनिक, प्रेस्टीज, प्रीती अशा बऱ्याच कंपन्यांचे छोटे कुकर मिळतात, मी कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही कारण त्या साईजच्या साध्या खटकेवाल्या कुकरचं आतलं तंत्र बहुतेक एकच आहे. मी बघितल्या त्या गोष्टी अशा: आयएसआयचा शिक्का, तीन पिनांचा प्लग, दिवे मोठे नि वेगळ्या रंगाचे, खटका जाड, झाकणाची मूठ तापणार नाही अशी, आणि जादा भांडं सुटं विकत मिळतं का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण आधी खराब होतं ते भांडंच, त्यावरचं कोटिंग. आणि सर्व्हिस सेंटर कुडाळ किंवा सावंतवाडीत आहे का ते फोन करून विचारलं, ठाण्यात असून काय उपयोग.

विजेचं पण बघितलं. ४५० वॉटचा कुकर म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर साधारण २ अँपिअर, साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतो, गीझरसारखा १५ चा पॉइंट लागत नाही. एका वेळच्या भाताला पाव युनिटच्या आसपास वीज. पण बऱ्याच साध्या कुकरना बंदचं बटणच नसतं, प्लग लावला की एकतर 'कुक' नाहीतर 'वॉर्म', पूर्ण बंद करायचा तर भिंतीवरूनच. बाबांच्या स्वयंपाकघरात एकच सॉकेट, तोही फ्रिजच्या मागे. म्हणून कुकर नेण्याआधी तिथल्या वायरमनला सांगून ओट्याच्या वर, नळापासून लांब, अर्थिंगसकट नवीन पॉइंट काढून घेतला. हे आधी करा असं मी कळकळीने सांगेन. भेट दिली आणि एक्स्टेंशन बोर्ड ओल्या ओट्यावर लोंबतंय, असं वयस्कर माणसाच्या घरात अजिबात नको.

आधी ठाण्यातच कोलम लावून बघितला, एक कप तांदूळ दोन कप पाणी, मोकळा झाला. मग कोकणकन्येने घेऊन गेले.

बाबा म्हणाले, "माझ्याकडे कुकर आसा मा, दुसरो कित्याक?" मी म्हटलं बाबा, हा शिट्टी देतच नाही, तुम्हाला काही ऐकायलाच नको. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग उचलून उलटा करून खाली काय आहे ते बघायला लागले. बाबा एसटीत मेकॅनिक होते. मी चुंबकाचं सांगितलं तर त्यांना ते इतकं पटलं की भाताचं राहिलं बाजूला, मधलं बटण दाबून दाबून स्प्रिंग बघत बसले. मला वाटतं तिथेच कुकर त्यांचा झाला.

उकड्याला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा खटका वर आला तेव्हा शीत मधोमध टणक. मग तास-दीड तास भिजवून, एकाला तीन पाणी घालून केला तर बरा झाला, तरी बाबांना अजून मऊ हवा होता. अर्धा कप गरम पाणी घालून परत खटका दाबायला गेलो तर खटका खाली राहीचना. मला वाटलं बिघडला, पण बाबाच म्हणाले अगो, प्लेट अजून तापलेली आसा, थंड होऊ दे. दहा-पंधरा मिनिटांनी दाबला तर बरोबर राहिला. आता ते एकदा खटका वर आला की थोडं थांबून गरम पाणी घालून दुसऱ्यांदा लावतात, भात त्यांना हवा तसा होतो. तांदूळ चांगला चोळून धुतला आणि थेंबभर तेल टाकलं तर फेसही कमी येतो.

पेजेचं काय, हा खरा प्रश्न. सकाळची पेज चुकली तर बाबांचा दिवसच सुरू होत नाही. राईस कुकर पाणी संपल्याशिवाय थांबत नाही आणि पेजेत पाणी संपायलाच नको असतं, म्हणजे पेज लावली तर तो उकळतच राहणार, खटका हाताने वर करावा लागणार, आणि तेच विसरायची तर भीती होती. त्यावर आम्ही तोडगा असा काढला की कुकरमध्ये भात खूप मऊ करायचा आणि वाढताना थर्मासमधलं गरम पाणी नि मीठ घालून ढवळायचं. बाबा खातात, सोबत खारातला आंबा असला की खुशीत खातात, पण स्पष्ट सांगतात की टोपातली पेज ती टोपातली. खरंच आहे ते. टोपातली पेज आता आम्ही कोणी घरी असलो की गॅसवर होते.

डाळीचंही सांगायला हवं, कारण घेताना हे कोणी सांगत नाही. प्रेशर कुकरमध्ये आतलं तापमान १२० च्या आसपास जातं, राईस कुकरमध्ये १०० च, त्यामुळे तूरडाळ त्यात भिजवूनही गळून जाईल अशी शिजत नाही. मूग किंवा मसूर होते, मुगाची खिचडी तर अतिशय सुंदर होते. तूरडाळीसाठी घरकामाला येणाऱ्या मावशी असतात तेव्हा प्रेशर कुकर लागतो, त्या शिट्ट्या मोजतात, शिजलेली डाळ फ्रिजमध्ये जाते आणि बाबा हवी तशी काढून आमटी करतात. म्हणजे गॅस घरातून गेला नाही, पण बाबा एकटे असताना प्रेशर कुकर लागत नाही, मला तेवढंच हवं होतं.

'वॉर्म'बद्दल एक. तासाभरापुरतं ठीक, पण दिवसभर भात तसा ठेवू नये, खालून वाळतो. उरलेला भात बाहेर तसाच राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं काही विष परत गरम करूनही जात नाही, म्हणून उरला की लवकर फ्रिजमध्ये. मी दोन गोष्टी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पॉइंटच्या वर चिकटवल्या, जेवायला बसण्याआधी भिंतीवरचं बटण बंद, आणि भांडं आत ठेवण्याआधी बूड कोरडं पुसून. ओलं बूड किंवा एखादं शीत खाली अडकलं तर ते मधलं बटण नीट टेकत नाही, भात कच्चा तरी राहतो नाहीतर लागतो. खाली बाबांनी स्वतःच्या हाताने पाण्याचं माप लिहिलंय, सुरय दोन, उकडो तीन आणि वर अर्धो, खिचडी चार. डाव सुद्धा लाकडाचाच वापरतात, कोटिंग खरवडू नये म्हणून, हे मी सांगितलं नव्हतं.

आता शेजारच्या काकूंना पण हवाय. पण त्यांच्याकडे पाच माणसं आणि रोजचा सुरय भात, तेव्हा त्यांना १.८ चा बघायला सांगितलाय, आणि आधी ओट्यावर पॉइंट आहे का ते विचारलंय.